मुरायला ठेवलेले दगड

१० सप्टेंबर, बुधवार

बीपी पुन्हा वर. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. असं म्हटलं की मला पहिली काळजी हीच लागते की हे असं का म्हणाले.

काचेची टाकी पुढच्या खोलीत येऊन पडली आहे. रिकामी. सौ. तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालते, मुद्दाम.

सगळं गजाननमुळे. आमच्या बँकेच्या वाटूर शाखेचा कॅशियर. म्हणाला, "मासे पाळा, नुसतं बघत बसा, बीपी बराबर उतरतं." गोड्या पाण्यातले लाल मासे आणले. ते एकेक करून उलटे झाले आणि दर वेळी माझंच बीपी चढलं. शहाणा माणूस तिथे थांबला असता. मी मोबाइलवर समुद्राच्या टाक्या बघायला लागलो. प्रवाळ, त्यातून ये-जा करणारे केशरी मासे. सौ. म्हणाली, "परतुरात नळाला पाणी यायचे वांधे, आणि हे समुद्र आणणार."

काच फुटली तर? पाणी इन्व्हर्टरवर गेलं तर? बघू. रविवारी दगड येतात.

१४ सप्टेंबर, रविवार

दगड आले. पुण्याचा एक पोरगा नोकरीला परदेशी चाललाय, त्याने टाकी मोडली, त्यातले घेतले. ट्रॅव्हल्सवाल्याकडून वाटूर फाट्यावर उतरवून घेतले. थर्माकोलचा खोका, आत ओल्या पेपरात गुंडाळलेले. क्लीनर नाक धरून उभा. "साहेब, मासोळी है क्या इसमें?" म्हटलं, दगड आहेत. तो माझ्याकडे बघतच राहिला. दगडाला वास येतो हे मलाही आजच कळलं.

मागच्या पत्र्याखाली निळा ड्रम आहे, त्यात मीठ कालवलेलं पाणी, पाणी फिरवायला छोटा पंप, आणि त्यात दगड. 'जिवंत खडक' म्हणतात. दगड दगडच, पण त्याच्या भोकाभोकांत जीव असतात, काही दिसणारे, बरेचसे न दिसणारे. प्रवासात अर्धेअधिक मरतात. जे मेलं ते ड्रममध्ये कुजू द्यायचं, पाणी बदलत राहायचं, आणि पाण्यातला अमोनिया शून्यावर आला की मगच दगड टाकीत. तोवर वास. पोरगा फोनवर म्हणाला, "काका, मुरू द्या. घाई करू नका." लोणच्यासारखंच म्हणायचं.

सगळ्यात मोठ्या दगडावर तपकिरी बटणांची चादर आहे. शर्टाच्या बटणाएवढी गोल, कडेला बारीक झालर. टाकली तेव्हा मिटलेली होती. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर उघडली होती, सगळी, माझ्याकडे तोंड करून. मी एकटाच हसलो. किती दिवसांनी असं उगाच हसलो.

सौ.: "अहो, पितरं चालू आहेत. या पंधरवड्यात लोक सुई विकत आणत नाहीत. तुम्ही दगड आणले." मला सुचायला हवं होतं. आता मनात बसलं ते बसलंच.

१५ सप्टें.

वाळूची पिशवीही फोडली. ओली, पांढुरकी, हीसुद्धा जिवंतच म्हणे. वेगळ्या टबात मुरायला ठेवली. आपल्याकडे दुधना नदीची वाळू ट्रॅक्टरने पडते आणि मी पुण्याहून पिशवीतून वाळू आणली. आष्टीत दादाला हे कळता कामा नये.

लाइट दोनदा गेली. दोन्ही वेळा पंप इन्व्हर्टरवर लावायला धावलो. पाणी हललं नाही तर आतले जीव गुदमरतात.

१७ सप्टें., मुक्तिदिन

झेंडावंदन करून आलो तर वास दारापर्यंत. अमोनियाची चाचणी केली. नळीतलं पाणी गर्द हिरवं झालं, म्हणजे भरपूर. अर्धं पाणी बदललं. पाठ गेली.

दादाचा फोन. त्याच्या घराचा स्लॅब फोडलाय, या वर्षी घट आमच्याकडे बसवायचे. आई उद्याच येतेय, घर धुवायला. म्हणाला, "घट तुझ्याकडं हायती म्हणल्यावर सगळं सोवळ्यात पायजे. आईला वास न् विटाळ बिलकुल चालत न्हाई, तुला ठाऊक हाय."

ठाऊक आहे. ड्रमवर झाकण घातलं, झाकणावर वीट ठेवली. भीती वाटायला लागली आहे, आणि ती आईचीच.

१८ सप्टें., गुरुवार

आई आली. सत्तरीला टेकली, आयुष्य चुलीपुढे गेलं, पायऱ्या चढताना दम लागतो, पण नाक शाबूत. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "दिगू, मासोळीचा वास येऊन राह्यला रे."

"न्हाई आई. शोभेचे दगड आणलेत. शेवाळ धरलंय त्यांना."

"मंग धुऊन घे ना. घट बसायचेत."

"धुतो."

सौ. स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिचं न बोलणं मला ऐकू येतं.

खरं कसं सांगणार? दगडात किडे आहेत, कुजताहेत, आणि ते मी हौसेने आणलेत, तेही पितरांत? आई त्याच पिशवीनिशी आष्टीची बस धरेल.

१९ सप्टें., शुक्रवार

आज जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचत होतो, त्या तपकिरी बटणांचं नाव काय म्हणून. नाव सापडलं. खाली एका माणसाने लिहिलेलं सापडलं. अशी बटणं असलेला दगड त्याने साफ करायला उकळला. वाफेनेच सगळं घर दवाखान्यात. त्यांच्यात विष असतं. शांत पाण्यात असताना काही करत नाहीत, पण गरम पाणी, घासणं, कापणं नको. तोंडात धातूची चव येते, ओठ बधिर होतात, ताप, मग छाती.

डबा तसाच झाकून ठेवला. गजानन म्हणाला, "चेहरा पांढरा पडला तुमचा." म्हटलं, बीपी.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "मग आईंना सांगा की. आत्ताच."

म्हटलं, सांगतो. आई मागे गोधड्या पिळत होती. जवळ गेलो आणि म्हणालो, "आई, त्या ड्रमला हात लावू नको हां, करंट येतो."

करंट! पंप आहे म्हणून मला ते सुचलं, आणि बरं वाटलं की चांगलं सुचलं.

पुण्याच्या पोराला विचारलं, तू सांगितलं का नाहीस? म्हणाला, "काका, दगड कोण उकळतं?"

२० सप्टें., शनिवार

जालन्याच्या दवाखान्यातून लिहितोय. लिहिलं नाही तर डोकं फुटेल. क्रमाने लिहितो.

दुपारी सौ. बाजारात गेली होती, घटाचं सामान आणायला. आई एकटी. पाटा-वरवंटा, जातं, खलबत्ता, घरातला दगड म्हणून जो जो होता तो तिने धुवायला काढला. घट बसायच्या आधी सगळे दगड कढत पाण्याने धुवायचे, आमच्याकडे असंच असतं, लहानपणापासून बघतो. आणि मुलाच्या शोभेच्या दगडांना शेवाळ धरलंय, तो दिवसभर बँकेत, त्याला वेळ नाही. तिने पंपाची पिन काढली, कारण मी करंट सांगितला होता. मग वीट काढली. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात घाण दगड न्हाणीत नेला. वास घरात पसरू नये म्हणून दार लावलं. गीझरचं पाणी पुरेना म्हणून गॅसवर पातेलं उकळून आणलं आणि ओतलं. तारेच्या घासणीने घासला. मग पुन्हा ओतलं.

सौ. आली तेव्हा आई मागच्या पायरीवर बसलेली, डोळे लाल. पाट्या-वरवंट्याशेजारी तो दगड वाळत ठेवलेला. पांढरा शुभ्र. म्हणाली, "बघ, कसा निघाला. लई घाण व्हती त्याच्यावर. दिगू खूश व्हईल." मग म्हणाली, "सूनबाई, तोंडात पैसा धरल्यावानी लागून राह्यलं."

सौ.ने फोन केला. मी "पैसा" हा शब्द ऐकला आणि मला कळलं. वाटूर ते परतूर गाडी कशी चालवली ते आठवत नाही.

आई पांघरूण घेऊन कापत होती. ओठाला हात लावून म्हणाली, मुंग्या येतात. परतुरातले डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे. मी दगडाचं सांगितलं. ते हसले. "दगडाची वाफ? साहेब, तुमचंच बीपी बघू आधी." मी मोबाइल पुढे केला. त्यांनी दोन ओळी वाचल्या, आईच्या बोटाला यंत्र लावलं, आणि हसू गेलं. "जालन्याला न्या. जल्दी न्या."

गजाननने गाडी काढली. रस्त्यात पाऊस. वाटूर फाट्यावर, जिथे मी तो खोका उतरवून घेतला होता, तिथेच आई म्हणाली, "श्वास पुरंना रे." मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. उरलेला सगळा रस्ता मी तिचे श्वास ऐकत होतो. एक झाला की दुसऱ्याची वाट बघायची.

आता आत आहे. ऑक्सिजन लावलाय. इथल्या डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असा पेशंट मी पाहिला नाही. तुम्ही म्हणता तेच असेल अशी खात्रीही देत नाही. पण याला उतारा नाही. आपण श्वासाला आधार देऊ, बाकी त्यांच्या शरीराने पेलायचं."

हे सत्तर वर्षांचं शरीर. चुलीच्या धुराने आधीच काळवंडलेली छाती. मला भीती वाटते. एवढंच लिहिता येतंय.

२१ सप्टें., रविवार, सर्वपित्री

ताप आहे. अंग दुखतं म्हणते, हाडं कुणी कुटल्यासारखी. रक्ताचे रिपोर्ट वाईट, स्नायूंवर परिणाम झालाय, डॉक्टर बाई म्हणाल्या.

दादा आला. हातात पिशवी, पिशवीत शेतातली काळी माती, घटासाठी. आष्टीहून आमच्याकडे द्यायला निघाला होता, फोन आल्यावर तशीच घेऊन इकडे आला. बाकावर मातीची पिशवी मांडीवर घेऊन बसला.

"लोक गाड्या आणतेत, फ्रीज आणतेत. तू दगडं आणले. तेबी पितरात."

मी बाकावर सांडलेली माती बोटाने गोळा करायला लागलो.

"आन् तिला सांगायला काय झाल्तं तुला?"

दादा रागावला की मोठ्याने बोलतो, आज हळू बोलत होता. त्याचीच जास्त भीती वाटली.

आईने मला आत बोलावून घेतलं ते घटासाठी. मास्कमधून म्हणाली, "उद्या सूनबाईनं बसवायचे. चुकायचं न्हाई." मग थोड्या वेळाने, "तो दगड चांगला निघाला का रे?"

म्हटलं, चांगला निघाला.

२२ सप्टें., सोमवार

पहाटे परतूरला जाऊन आलो. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, न्हाणी ब्लीचने धुतली. दोनदा. ब्लीचने ते विष मरतं असं वाचलं. तो पांढरा दगड ब्लीचच्या बादलीत बुडवून ठेवला. हात लावायलाही भीती. एवढासा दगड.

सौ. खोकतेय. मी विचारलं की "साधा आहे" म्हणते. दर वेळी तेच.

घट पुढच्या खोलीत बसले, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून. दादाची काळी माती, सात धान्यं, वर मातीचा घट, माळ. रिकामी काचेची टाकी कोपऱ्यात ढकलली, सौ.ने तिच्यावर चादर टाकली. हळद-कुंकू वाहताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "हीपण मातीच मुरायला ठेवलीय. बघू काय उगवतं."

मागे ड्रममध्ये पंप चालू होता. शनिवारी आईने पिन काढली होती, नंतर कुणी लावली ठाऊक नाही. सौ.ला विचारलं. म्हणाली, "मीच लावली. सवयीने."

२४ सप्टें.

आज ताप जरा कमी. ऑक्सिजनचा आकडा वर गेला की मी वर जातो, खाली आला की खाली. गजानन डबा घेऊन आला. त्याने मासे हा शब्द काढला नाही, मीही नाही.

आईचे डोळे सुजलेत. डोळ्यांचे डॉक्टर येऊन गेले. थेंब दिले.

दुपारी मास्क बाजूला करून तिने विचारलं, "दिगू, डॉक्टरीणबाई तुला काय विचारून राह्यली व्हती? दगडात काय व्हतं म्हणून?"

मी म्हटलं, रसायन होतं आई.

"ती म्हणली, जीव. मी ऐकलं."

मी पाण्याची बाटली शोधायला लागलो. समोरच होती.

"शेवाळ म्हणला व्हता तू."

"म्हणलो व्हतो."

"मंग? जीव व्हते का त्याच्यात?"

सांगितलं. सगळं. बटणं कशी उघडतात, मिटतात, संध्याकाळी कशी बघायची. ती ऐकत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "घट बसायच्या तोंडावर मी जित्ते जीव उकळले."

"आई, तुला ठाऊक नव्हतं."

"त्यांना ठाऊक व्हतं ना."

मला वाटत होतं ती माझ्यावर रागावेल. मी त्याची तयारी करून बसलो होतो. रागावली असती तर बरं झालं असतं. आता तिला मरणाची भीती नाहीच, तिला दुसरीच भीती धरली आहे, आणि ती मी दिली.

२६ सप्टें.

डॉक्टर बाई: धोका कमी झाला आहे, गेला आहे असं म्हणत नाही. फुप्फुसाला किती इजा, ते पुढच्या तपासणीत. घरी नेता येईल, पण ऑक्सिजनचं मशीन लावून. आणि, "घरात अजून तसले दगड आहेत? आधी ते संपवा."

संपवा म्हणजे ब्लीच. ड्रममध्ये ओतायचं, बस. बाटल्या आणून जिन्याखाली ठेवल्या.

सौ. घट बघून सांगत होती, कोंब आलेत पण पांढरट. "काही अर्थ नसतो त्याला," असंही लगेच म्हणाली. तिच्या त्या लगेचने मला धडकी भरली.

२८ सप्टें., रविवार

आई घरी. पुढच्या खोलीत, घटासमोरच खाट टाकली. मशीन घरघरतं, नाकात नळी. आल्या आल्या घट पाहिले आणि म्हणाली, "पिवळं धमक आलंय. झ्याक हाय." मी दारामागे जाऊन रडलो. सौ.ने पाहिलं, आणि दार अजून थोडं लोटून घेतलं.

मशीन भाड्याचं. देणाऱ्याने दहा वेळा सांगितलं, लाइट गेली तर इन्व्हर्टर पुरेल ना? म्हटलं, पुरेल. तेव्हापासून तेच डोक्यात. पुरेल का?

संध्याकाळी मागे गेलो, ब्लीच ओतायला. झाकण काढलं. वास नाही. बिलकुल नाही. चाचणी केली, सवयीने. नळीतलं पाणी पिवळंच राहिलं. म्हणजे शून्य. मुरले दगड.

लहान दगडाच्या कपारीत एक बटण उघडलेलं. एकच. कडेला झालर हलत होती.

बाटली तशीच परत ठेवली. उद्या बघू म्हटलं. हे मी आजवर किती वेळा म्हटलं असेल.

२९ सप्टें.

आईने विचारलं, बाकीच्या दगडांचं काय केलं? मी खरं बोलायचं ठरवलंय, निदान तिच्याशी. सांगितलं, आहेत. डॉक्टरांनी मारून टाकायला सांगितलंय.

"घट उठेपर्यंत हात लावू नको त्यांना."

"आई, ते विष हाय."

"मी उकळलं तवा झालं विष. गप पडले व्हते तोवर त्यांनी काय केलं व्हतं कुणाला?"

दादाला फोन लावला, तू समजाव म्हणून. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई म्हणती तसं कर." दादा! ज्याने दवाखान्यात याच दगडांवरून मला सुनावलं, तो.

आज आई बघायला जाते म्हणाली ड्रमपाशी. नळी काढून उठायला लागली. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडलो. ती बसली. मग बराच वेळ छाती वरखाली होत होती. तिची आणि माझी.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दसरा. घट उठणार. शुक्रवारी आईची तपासणी, तेव्हा कळेल छातीत काय उरलंय.

दिवस मावळायला पाऊस आला आणि लाइट गेली. मी आधीच उठून उभा होतो. मशीन इन्व्हर्टरवर चालू. मग घरातलं एकेक बंद करत गेलो. पंखा, फ्रीज, मागचा दिवा. शेवटी ड्रमच्या पंपाची पिन काढली. गजानन म्हणतो, पंप एका बल्बाएवढंसुद्धा खात नाही. ठाऊक आहे मला. पण मध्येच इन्व्हर्टर गेला आणि मशीन थांबलं, तर पंपाने खाल्लेलं तेवढं थोडंसं माझ्या नावावर राहील. बॅटरीही जुनी. वायरमनचा फोन लागत नाही.

येऊन आईशेजारी बसलो. घटासमोर समई, मशीनची घरघर. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मागची बुडबुड का थांबली?"

"लाइट गेलीय, आई."

"माझं तर चालू हाय."

मी समईची वात पुढे सारली.

"पाणी हललं न्हाई तर काय व्हतं त्यांचं?"

खोटं बोलता आलं असतं. सोपं होतं.

"गुदमरतेत."

तिने समईकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी नाकातली नळी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मंग माझं थोडा वेळ बंद कर न् त्यांचं लाव. गुदमरल्यावर कसं वाटतं, मला ठाऊक झालंय आता."

मी नळी परत लावायला गेलो तर तिने माझं मनगट धरलं. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कळेना. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला तरी सोडेना. सौ. धावत आली. शेवटी मी म्हटलं, "लावतो, आई, दोन्ही लावतो, तू आधी नळी घे." माझं तोंड नीट निरखून पाहिलं तिने, खरं बोलतोय का ते. मग घेतली.

अंधारात मागे गेलो. पिन लावली. बुडबुड सुरू झाल्यावर आतून आईचा आवाज आला, "हां."

दोन्ही चालू आहेत. इन्व्हर्टर मघापासून मध्येच एकदा टुक करतो, असा तो आधी कधी करायचा का ते आठवत नाही. सौ. छत्री घेऊन वायरमनच्या घरी गेली आहे. पाऊस थांबलेला नाही. मी इन्व्हर्टरपाशी स्टूल टाकून बसलोय, एका बाजूला आईचा श्वास ऐकू येतो, दुसऱ्या बाजूला ड्रम. जिन्याखाली ब्लीचच्या बाटल्या तशाच आहेत. आईने आत्ताच विचारलं, उद्या घट उठल्यावर काय करणार. मी म्हटलं, लाइट येऊ दे आधी.